बोरोदिनोला मी मेलो नव्हतो

मुक्काम ग्रुझ्दी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा तिसरा आठवडा

महामहिम आणि परमप्रिय दाजी वार्लाम निकानोरोविच यांचे सेवेशी,

धाकटा मेहुणा अकिंदिन साव्विच याचा कमरेतून वाकून नमस्कार. 'महामहिम' लिहायला हात अजून सरावलेला नाही, तरी लिहिलं. ताईच्या नाताळातल्या पत्रावरून कळलं की सरकारने तुम्हाला एक पायरी वर चढवलं आहे आणि आता आधीच्या मायन्यावर भागणार नाही. मी जुन्याच मायन्याने एक पान लिहून बसलो होतो, ते चुलीत घातलं. (ताई म्हणेल, घरातल्या माणसाला कसले आलेत हुद्दे! ताईचं काय जातं? तिने तुम्हाला पलंगाखाली चपला शोधताना पाहिलंय. मी कायम पदकांसकटच पाहिलं.) तुमचा गुडघा कसा आहे? कोबीचं पान बांधता ना? ताईच्या डाव्या कानात अजून घंटा वाजते का? तुमचा पोपट पाहुण्यांना फ्रेंचमध्ये शिव्या देत होता, तो सुधारला की तसाच आहे? सगळं सविस्तर कळवावं.

इकडील सर्व क्षेम. बर्फ यंदा खिडकीपर्यंतच आला. खारवलेली अळंबी चांगली टिकली. उस्तिन्या (आमची स्वयंपाकीण; मागे तुमच्या फरच्या टोपीत कोंबडी उबवायला बसवली होती ती हीच) ठणठणीत आहे आणि तिची जीभ तिच्याहून ठणठणीत आहे. एवढंच की मी वारलो.

दाजी, घाबरू नका, आणि ताईला एकदम सांगू नका, आधी तिला खुर्चीत बसवा. मी वारलो तो अलीकडे नाही. अठराशे बाराच्या साली, फ्रेंचांशी लढताना, बोरोदिनोच्या रणांगणावर, छातीत गोळी लागून वारलो. मलासुद्धा हे गेल्या महिन्यातच कळलं. तेव्हापासून मी जो हबकलो आहे, तो अजून भानावर आलेलो नाही. उभा असलो तर बसावंसं वाटतं, बसलो तर दचकून उठतो. बहात्तर वर्षांच्या माणसाने मरणाच्या बातमीची तयारी ठेवायची असते हे मला मान्य आहे, पण ती पुढच्या मरणाची. मागचं मरण असं पाठीमागून येऊन गाठेल हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

झालं असं. तीन हिवाळ्यांपूर्वी मी जिल्ह्याच्या गावाहून परत येत होतो आणि बर्फाच्या वादळामुळे टपालाच्या घोड्यांच्या ठाण्यावर अडकून पडलो. तिथे पीटर्सबर्गचे एक तरुण गृहस्थ आधीच अडकलेले होते. गोरेपान, नाकावर चष्मा, आणि चहा पिताना करंगळी वर. वादळ काही थांबेना, सामोवार काही विझेना. बोलता बोलता बारा सालचा विषय निघाला. मग काय विचारता! मी अठराचा असताना सैन्यात गेलो तिथपासून सुरुवात केली. बूट कसे चावायचे, सूप कसं जळायचं, आमचे कप्तान कसे झोपेतही हुकूम सोडायचे, सगळं सांगितलं. गृहस्थ ऐकताना मधून मधून डोळे टिपत होते. (तेव्हा मला वाटलं, काय हळवा मुलगा आहे. आता वाटतं, ठाण्यातली चूल धूर सोडत होती.) मी म्हणालो, लिहा की हे सगळं, आमच्यानंतर कोण सांगणार? ते म्हणाले, आपलं नाव काय? मी म्हणालो, अकिंदिन. ते खुर्चीतून उठलेच. असं नाव शोधून सापडत नाही म्हणाले. ते खरंच आहे. आमचे पुजारी पाफ्नूतीबाबा सांगतात की हे नाव ग्रीकांकडून आलं आणि त्याचा अर्थ 'ज्याला धोका नाही असा'. देवळाच्या पंचांगात या नावाचा एक संत आहे, आणि आमच्या तालुक्यात मी. तिसरा कोणी कोणाला आठवत नाही.

तर त्या गृहस्थांनी खरंच लिहिलं. कादंबरी लिहिली, ती मासिकातून दर महिन्याला थोडी थोडी छापून येते आहे, आणि तुमच्या पीटर्सबर्गमध्ये म्हणे बायका ती वाचून जेवण टाकतात. आमच्या अख्ख्या तालुक्यात त्या मासिकाची एकच प्रत येते. ती आधी उमरावांच्या प्रमुखांच्या बाईसाहेबांकडे जाते, मग हुद्द्यांच्या उतरत्या भाजणीने घरोघर फिरते. मी निवृत्त लेफ्टनंट, म्हणजे शेवटून पहिला. माझ्यापर्यंत येईतो तिची पानं पानकोबीसारखी झालेली असतात. पण मला त्याचं दुःख नव्हतं, कारण सेराफिमा लुक्यानोव्नांचा नंबर माझ्या आधी लागतो आणि त्या गुरुवारी पत्त्यांच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवतात.

सेराफिमा लुक्यानोव्ना म्हणजे कोण हे ताईला ठाऊक आहे. तुम्हाला सांगायचं माझं धाडस झालं नव्हतं. आमच्या बागेच्या कुंपणापलीकडे राहतात. विधवा आहेत. यजमान खजिन्यात मोठ्या हुद्द्यावर होते; त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. बाई हसऱ्या आहेत, पण हिशेबात चोख आणि पत्त्यांत निर्दय. दर वर्षी मास्लेनित्सा आली, म्हणजे उपासाआधीचा तो धिरड्यांचा आठवडा, की सोमवारी मी कोट झटकून, मिशा चोळून त्यांच्याकडे जातो आणि लग्नाचं विचारतो. दर वर्षी त्या म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू, अकिंदिन साव्विच. आणखी एक धिरडं घ्या." मी घेतो. अशी अकरा वर्षं झाली. तुम्ही हसाल, दाजी. पण तुम्हाला ताई आहे. मला दिवस मावळला की उस्तिन्या आणि भिंतीवरचं घड्याळ, आणि दोघं रोज तेच तेच बोलतात. मला त्या बाई हव्या आहेत. पत्त्यात हरवून वर चिडवणारं माणूस घरात हवं आहे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे, आणि तेही महामहिमांना.

यंदा सोमवारी गेलो आणि चमत्कार झाला. त्या 'पुढच्या वर्षी' म्हणाल्याच नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "गुरुवारी नवा अंक वाचून होऊ दे. माझं लक्ष सगळं त्यात आहे. मग सांगते." मला धिरडं गिळेना. तीन रात्री डोळा लागला नाही.

गुरुवार उजाडला. बाईंच्या दिवाणखान्यात पाफ्नूतीबाबा, आमचा उपपुजारी इओना (ज्याच्या खर्जाने देवळाच्या काचा हलतात तो) आणि आसपासची मंडळी जमली. मध्ये धिरड्यांची चळत, सायीचा वाडगा, खारवलेला मासा. बाईंनी वाचायला घेतलं, आणि तिसऱ्याच पानावर 'अकिंदिन नावाचा एक तरुण अधिकारी' आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. मी नवरदेवासारखा ताठ बसलो. पुस्तकातल्या अकिंदिनचे डोळे निळे होते. असोत. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. तेही असो. पण पुढे तो लढाईच्या सकाळी आपल्या वाटणीचं सूप एका म्हाताऱ्या शिपायाला देऊन टाकतो असं आलं, तेव्हा माझ्याने राहवेना. मी म्हणालो, अहो मी त्या दिवशी दोन वाडगे— सगळ्यांनी मला गप्प केलं. सेराफिमा लुक्यानोव्नांनी तर पुस्तकातून डोळे न काढता नुसता हात वर केला.

आता खरं काय घडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी तोफांच्या त्या धुमाळीत कप्तानांचा तंबाखूचा बटवा खाली पडला, मी तो उचलायला वाकलो, आणि माणूस वाकला की त्याचा जो भाग सगळ्यांत उंच होतो तिथे मला गोळी लागली. (म्हणून मी आजही उशी घेऊन बसतो. यात लपवण्यासारखं काही नाही. समोर शत्रू होता आणि मागेही शत्रू होता.) मग मी एका बर्चच्या झाडाखाली पालथा पडून राहिलो, रात्री एका व्यापाऱ्याच्या गाडीत घालून मला मॉस्कोला नेलं, आणि बटव्यातली तंबाखू भिजली म्हणून कप्तानांनी गाडीमागून चालत माझी खरडपट्टी काढली. मी त्या गृहस्थांना हे सगळं अस्संच्या अस्सं सांगितलं होतं. त्यांनी बटवा घेतला, बर्च घेतला, कप्तान घेतले. फक्त मला उताणं केलं आणि गोळी छातीत घातली. पुस्तकातला अकिंदिन बर्चखाली पडतो, बटवा कप्तानांच्या हातात देतो, "ओला होऊ दिला नाही" म्हणतो आणि मरतो. एक फ्रेंच सेनापती जाता जाता टोपी काढतो. कप्तान रडतात. दाजी, आमचे कप्तान! ज्यांनी स्वतःच्या आईला निरोप देताना घड्याळ पाहिलं होतं!

वाचन थांबलं. मग एकेक करून सगळे रडायला लागले. इओनाचा हुंदका फुटला तेव्हा कपाटातल्या बश्या खणखणल्या. मी एवढा सुन्न झालो होतो की धिरडं हातात तसंच होतं, आणि भीतीने माणसाचा हात जिकडे जायचा सवयीने तिकडेच जातो, तसं ते तोंडाकडे गेलं. त्याच क्षणी सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशीवरून साय ओघळत होती. सेराफिमा लुक्यानोव्ना भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "तुम्ही खाताय?"

मी म्हणालो, "खातोय म्हणजे... अहो, मी आहे ना इथे!"

"तेच तर," बाई म्हणाल्या, आणि रुमाल तोंडाला लावून आत गेल्या.

निघताना मी दारात त्यांना हळूच सोमवारच्या प्रश्नाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, आज नको, आज घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय. मी बर्फातून घरी आलो आणि उस्तिन्याला म्हणालो की त्या पुस्तकवाल्याने मला मारून टाकलं. मला वाटलं बिचारी हळहळेल. ती कढईतून मान वर न करता म्हणाली, "छापलंय का?" छापलंय म्हटलं. "सरकारी माणसाने वाचून, पसंत करून मग छापलंय का?" हो, तसाच नियम आहे म्हटलं. "मग झालं तर. एवढी मोठी माणसं बसलीत तिथे. तुम्ही मेला नसता तर त्यांनी छापू दिलं असतं का?" मी ओरडलो की अगं मी जिवंत आहे! तर म्हणते कशी, "ते तुमचं म्हणणं झालं, मालक." दाजी, तुम्ही सरकारात आहात. या युक्तिवादाला उत्तर असेल तर कृपया कळवा, मला तरी सापडलं नाही.

पण हे काहीच नव्हे. खरा घाव उपासाच्या दुसऱ्या शनिवारी बसला. त्या शनिवारी गेलेल्या माणसांसाठी देवळात प्रार्थना असते, आणि देवळात आडनाव नाही, हुद्दा नाही, बापाचं नाव नाही, नुसतं ज्याचं त्याचं नाव पुकारतात, हे तुम्ही जाणताच. मला त्या दिवशी निघायला उशीर झाला (उस्तिन्याने माझा डावा बूट सुकायला भट्टीत ठेवला होता आणि वर पाव). मी देवळाच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि दारापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या दोन्ही बाजूंना फाकल्या. एकीने माझ्याकडे पाहून छातीवर क्रूस काढला, एकदा नव्हे, भराभरा. मला वाटलं शिंक वगैरे आली असेल. तेवढ्यात आतून इओनाचा खर्ज उठला, "रणात पडलेला योद्धा अकिंदिन, त्याची स्मृती चिरंतन राहो!" आणि अख्ख्या देवळाने ते गायला सुरुवात केली. मेणबत्त्यांजवळ काळी ओढणी घेऊन सेराफिमा लुक्यानोव्ना उभ्या होत्या. प्रार्थना त्यांनीच सांगितली होती. टेबलावर मृतांसाठी करतात ती गव्हाची खीर ठेवली होती, मध घालून, वर मनुकांचा क्रूस.

कल्पना करा, दाजी: तालुक्यात अकिंदिन एक, आणि अख्खं गाव त्याच्या आत्म्याला शांती मागतंय! मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, लोक सांगतात की मी टोपी वर करून ओरडलो, "मी आहे! मी आहे!" इओनाने मला पाहिलं. त्याचे डोळे पांढरे झाले. पण तो सूर असा आहे की एकदा लावला की मधे सोडता येत नाही, म्हणून तो माझ्याकडे भुतासारखा बघत बघत मला शेवटपर्यंत चिरंतन करत राहिला. दोन बायका बेशुद्ध पडल्या. पाफ्नूतीबाबांनी मला बाजूला घेऊन समजावलं की प्रार्थना माझ्यासाठी नव्हती, पुस्तकातल्यासाठी होती. पुस्तकातल्यासाठी प्रार्थना करावी की नाही याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही म्हणून त्यांनी हो म्हटलं. मग माझ्या हातात खिरीची वाटी दिली. मी खाल्ली. चांगली झाली होती. हे सेराफिमा लुक्यानोव्नांनी लांबून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आठवून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

त्या दिवसापासून गुरुवारचे पत्ते बंद. कुंपणापाशी एकदा गाठलं तर म्हणाल्या, "अकिंदिन साव्विच, मला जरा एकटीला राहू द्या. तो किती कमी बोलायचा!" तो म्हणजे मीच, दाजी! माझ्याच गोष्टीवर, माझ्याच बर्चखाली, माझ्याच नावाने मेलेला एक मुलगा माझ्या आणि त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला आहे. दुसरा कोणी असता तर द्वंद्वाला बोलावलं असतं. याला कुठून बोलावू? तो वयाने अठरा, केस दाट, सूप खात नाही, आणि वर मेलेला. मी जिवंत आहे हाच माझा सगळ्यांत मोठा दोष ठरला आहे. मलाही जरा उदात्त दिसता येतं का बघावं म्हणून परवा मी त्यांच्या खिडकीतून दिसेल अशा बेताने बागेतल्या बर्चखाली जाऊन उभा राहिलो. टोपी न घालता. बाई खिडकीत आल्याच नाहीत. उस्तिन्या आली आणि म्हणाली, तिथे उभं राहू नका, मी राख तिथेच टाकते. आता मला सर्दी झाली आहे, छाती घरघरते, आणि हे पत्र मी मोहरीच्या पाण्यात पाय बुडवून लिहितो आहे.

म्हणून महामहिमांच्या चरणी एकच विनंती. ताईने लिहिलं होतं की त्या मासिकाचे संपादक दर मंगळवारी तुमच्याकडे पत्ते खेळायला येतात. त्यांना सांगा, हुकूम म्हणून सांगा, की पुढच्या अंकात मला जिवंत करा. फार काही नको. एवढंच की सकाळी कोणी पाहतं तर अकिंदिन हलतोय. गोळी छातीतच राहू दे, मी त्याबद्दल बोलणार नाही. म्हणजे बाईंचं दुःख हटेल, आम्ही दोघं अकिंदिन जिवंतपणात तरी बरोबरीला येऊ, आणि मला माझं उत्तर मिळेल. दाजी, माझ्याकडे पुढची वर्षं फार नाहीत.

तुमचा आज्ञाधारक आणि अजून श्वास घेणारा मेहुणा,
अकिंदिन साव्विच

ता. क. पत्र अजून इथेच आहे. बर्फ वितळायला लागला, रस्त्याचा राबडा झाला आणि टपालगाडी नदीअलीकडे रुतून बसली आहे. दरम्यान जे घडलं ते ऐकून तुम्हीसुद्धा बसून घ्या. रविवारी दुपारी मी तापात पडलो होतो. अंगणात चिखलाचा पचपच आवाज आला, आणि दारात सेराफिमा लुक्यानोव्ना! घोट्याच्या वर चिखल, ओढणी वाकडी, धाप लागलेली, हातात रासबेरीच्या मुरंब्याची बरणी. मला वाटलं वात झाला. त्यांनी खुर्ची ओढली, चहात मुरंबा घातला, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. म्हणाल्या, यजमान गेले तेव्हा मी ठरवलं होतं, पुन्हा कोणाच्या मागे रडायला मागे राहायचं नाही. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. म्हणून तुम्हाला दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत होते. "पण आता तुमच्यासाठी रडून झालं की हो! अंक वाचून रडले, देवळात रडले, घरी भांडी घासताना रडले. एकदा सगळं भोगून झालंय. आता तुम्ही मेलात तरी त्यात मला नवं काय असणार? करू या लग्न. ईस्टर झाल्यावर पहिल्या रविवारी."

दाजी, मी हो म्हणायचं सोडून विचारलं, अहो पण का? हे काय कारण झालं? त्यावर त्यांनी कप माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "चहा थंड होतोय. पी, मेल्या!" मला! 'पी'! अकरा वर्षं 'अकिंदिन साव्विच, घ्या' म्हणणारी बाई! मी एका घोटात कप संपवला, तोंड पोळलं, अजून पोळलेलंच आहे.

दुसरा ता. क. वरची विनंती रद्द! रद्द! ही पत्राची खरी विनंती समजा: संपादकांना सांगा की मला जिवंत करू नका! निघताना बाई दारात थांबल्या आणि पाठमोऱ्या म्हणाल्या, "तो पुस्तकातला पुढच्या अंकात जिवंत निघाला, तर मात्र माझं रडणं सगळं फुकट जाईल हं. मग मला पुन्हा विचार करावा लागेल." त्यांचे खांदे हलत होते, बहुतेक त्याच्या आठवणीने रडत असाव्यात. आणि आता कानावर येतंय की या लेखकाला मेलेली माणसं उठवायची खोड आहे, मागच्या कादंबरीत त्याने एका काकाला दोनदा उठवलं होतं. दाजी, तुमच्या पाया पडतो. मला मेलेला राहू द्या. नीट पुरा म्हणावं, खोल, वर दगड ठेवा, दोघं-तिघं साक्षीदार उभे करा. अंक छापून झाला असेल तर आमच्या तालुक्याची प्रत वाटेत नदीत पडू दे. तुम्ही आयुष्यभर एवढे कागद अडवलेत, हा एक माझ्यासाठी अडवा.

तिसरा ता. क. गाडी उद्या निघणार म्हणतात. आज नवा अंक माझ्याकडे आला. उतरत्या भाजणीने, शेवटी मी. दाजी, त्याने मला उठवलं. अकराव्या पानावर, पहाटे, बर्चखाली अकिंदिन डोळे उघडतो आणि सूप मागतो. मी तिथेच मटकन बसलो. म्हटलं, संपलं सगळं, आता कुठल्या तोंडाने कुंपणापाशी जाऊ! अंक भट्टीत टाकायला उठलो तर उस्तिन्याने हात धरला. म्हणाली, जाळून काय उपयोग, बाईंनी कधीच वाचलाय. तुमच्या आधी त्यांचा नंबर ना? रविवारी सकाळीच आला त्यांच्याकडे. त्यांची स्वयंपाकीण सांगत होती, बाई वाचता वाचता ओरडल्या, मासिक टेबलावर फेकलं, मुरंब्याची बरणी उचलली आणि बुटांवर रबरी गालोश न घालता चिखलातून इकडे धावत सुटल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. ती बरणी, ते कारण, ते पाठमोरं बोलणं, ते हलणारे खांदे, सगळं मी जिवंत आहे हे वाचून झाल्यावरचं आहे. मी आता फार रडतो आहे दाजी, तेव्हा अक्षर समजून घ्या. संपादकांना काही सांगू नका, फक्त त्या चष्मेवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार कळवा. ताईला घेऊन लग्नाला या, पोपट नको. मी बाईंना यातलं काही विचारलं नाही, विचारणारही नाही. संध्याकाळी त्या कुंपणावरून 'मेल्या' म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देतो.